केमिस्ट्री प्रोजेक्ट किट वर्गात वापरून बघितलं: कॉपर आणि टायट्रेशन एक नंबर, बाकी बरंचसं फेस आणि चिकट

हायस्कूलच्या पोरांना केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे बॉक्सवर "हँड्स-ऑन प्रोजेक्ट" असं मोठ्या अक्षरात छापलेलं दिसलं की मला आधी शंकाच येते. बऱ्याच किटमध्ये बेकिंग सोडा, व्हिनेगर, रंगाची पुडी आणि एक गुळगुळीत पुस्तक एवढाच ऐवज असतो. हे किट तसं नाही, अख्ख्या वर्गासाठीचं आहे, चार-चार जणांचे आठ ग्रुप करता येतील एवढा माल आत भरलाय आणि एकूण दहा प्रोजेक्ट आहेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली शिव्या पण आहेत, आणि तसंही याच धाटणीचे बॉक्स वेगवेगळ्या नावांनी मिळतात, आतला माल थोडाफार इकडेतिकडे. त्यामुळे नाव विचारू नका, काय बघून घ्यायचं ते वाचा.

माझी कसोटी एकच. प्रयोगाचं उत्तर पोरांना आधीच माहीत आहे का? माहीत असेल तर पोरं रीडिंग बसवतात, हे ज्यांनी कधी जर्नल लिहिलंय त्यांना सांगायला नकोच. उलट गणित मारायचं, टेबलमध्ये तीन आकडे टाकायचे, मधला थोडा वेगळा टाकायचा म्हणजे खरं वाटतं, झालं प्रॅक्टिकल. या किटमधले जे प्रोजेक्ट पोरांना असं करू देत नाहीत ते खरंच भारी आहेत. बाकीच्यांचा रंग बघायचा आणि घरी जायचं.

आधी बॉक्सबद्दल. काच कमी, प्लास्टिक जास्त, आणि मला ते चालतं. चोवीस खळग्यांच्या प्लेट, ड्रॉपर, १० मिलीच्या सिरिंज, फिल्टर पेपर, छोटे बीकर, ०.०१ ग्रॅम दाखवणारे दोन वजनकाटे, एक साधा मल्टीमीटर. थेंबा-थेंबाने काम करायची पद्धत असल्यामुळे केमिकल कमी लागतं, सांडलं तरी थोडंच सांडतं, नंतर फेकायचं पण थोडंच. वजनकाटे बरे आहेत पण पंखा चालू असला की आकडा नाचतो, आजूबाजूला पुठ्ठ्याचा आडोसा करा. तापवायला काहीच दिलेलं नाही, तुमच्याकडे हॉटप्लेट किंवा बर्नर असेल असं गृहीत धरलंय, ते बॉक्सवर कुठेतरी बारीक अक्षरात आहे.

आता कॉपरचा प्रोजेक्ट, ज्याच्यासाठी मी हे किट परत पण घेईन. पुस्तकात ही सायकल (तांब्यापासून निघून परत तांब्यापर्यंत येणारी प्रयोगांची साखळी) नायट्रिक ॲसिडपासून सुरू होते, तांब्याची तार ॲसिडमध्ये टाकायची आणि तो लालसर तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड असतो आणि विषारी असतो, फ्यूम हूड (धूर ओढून बाहेर टाकणारं कपाट) नसलेल्या वर्गात तो काढणं म्हणजे वेडेपणा. किटवाल्यांनी अक्कल वापरून ती पहिली पायरी उडवलीय आणि सरळ मोरचूदापासून, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या खड्यांपासून सुरुवात केलीय. प्रत्येक ग्रुपने २ ग्रॅम मोजून घ्यायचं, पाण्यात विरघळवायचं, कॉस्टिक सोडा घातला की फिकट निळा, जेलीसारखा साका येतो. तो हलवत हलवत गरम करायचा आणि उकळीच्या जवळ आला की बघता बघता काळा पडतो, हायड्रॉक्साइडचं ऑक्साइड होतं. इथे हलवायचं थांबवलं की बुडातून उसळी येते आणि काळं पाणी टेबलभर होतं, सो एकाने फक्त हलवायचंच काम करायचं. मग काळं खाली बसू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं, गरम पाण्याने धुवायचं, डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड घातलं की परत निळं, आणि शेवटी झिंक घातलं की बुडबुडे येतात, निळा रंग उतरत जातो आणि खाली विटेच्या रंगाचा गाळ बसतो. तांबं परत.

आणि मग वजन. २ ग्रॅम खड्यांमध्ये तांबं असतं ०.५१ ग्रॅम, बाकी सल्फेट आणि पाणी (त्या खड्यांच्या वजनाचा ३६ टक्के भाग नुसतं पाणीच असतं, हे पोरांना पटतच नाही, कारण हाताला खडा कोरडा लागतो). पुस्तिकेत हा ०.५१ आकडा कुठेही छापलेला नाही, गणित पोरांनी करायचंय, तेही वजन झाल्यावर, आणि ही या किटमधली सगळ्यात हुशारीची गोष्ट. कारण मग वर्गात धमाल होते. एका ग्रुपचं ०.४३ आलं, दुसऱ्याचं ०.६२. ०.६२ वाले आधी खूश, जास्त मिळालं म्हणून, आणि मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की मॅडम घातलं त्यापेक्षा जास्त तांबं कसं निघेल, बनवलं का यांनी? दोन मिनिटं वर्गात जे काही चाललं ते मी सहा महिने फळ्यावर लिहूनही घडवू शकले नसते. कोणी म्हणालं ओलं आहे, कोणी म्हणालं झिंक उरलंय. मग त्या ग्रुपने अर्धा गाळ घेऊन त्यावर डायल्यूट हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले, बुडबुडे आले, म्हणजे झिंक उरलंच होतं, कारण तांबं डायल्यूट ॲसिडला दाद देत नाही. ०.४३ वाल्यांनी धुताना काळा गाळ पाण्याबरोबर सिंककडे पाठवला होता, ते त्यांना स्वतःलाच आठवलं. पुस्तिकेत शेवटी एकच प्रश्न आहे, "तुमचं तांबं कुठे गेलं किंवा कुठून आलं?" बस. असा प्रश्न काढणाऱ्या माणसाला माझा सलाम.

एक टीप, झिंकची पावडर दिलीय ती एकदम घालू देऊ नका, चिमूट चिमूट. जोरात हायड्रोजन निघतो, गरम होतं, आणि आसपास ज्योत नको. वाळवताना पण घाई नको, जास्त तापवलं की तांबं वरून काळपट पडतं आणि वजन परत चुकतं.

टायट्रेशनचं प्रोजेक्ट पण भारी आहे पण त्यात किटची एक मोठी बोंब आहे. कल्पना अशी की व्हिनेगरच्या तीन बाटल्या, क, ख, ग, वेगवेगळ्या पातळ केलेल्या, पोरांनी ०.१ मोलर (मोलर म्हणजे द्रावण किती स्ट्राँग ते सांगणारं माप) कॉस्टिक सोड्याने टायट्रेट करून, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब थेंब सोडा घालून किती लागला ते मोजून, कोणती किती स्ट्राँग ते काढायचं, आणि खरी उत्तरं शिक्षकांसाठी बंद पाकिटात. मस्त. ब्युरेट (खुणांची, खाली तोटी असलेली काचेची नळी) नाही, सिरिंज आहे, ०.२ मिलीच्या खुणा, पण चालून जातं. नेहमीच्या ५ टक्क्यांच्या व्हिनेगरला दहापट पातळ केलं तर १० मिलीला साधारण ८.३ मिली सोडा लागतो, त्यात ०.२ इकडेतिकडे झालं तरी हायस्कूलसाठी ठीक आहे. फिनॉल्फ्थेलिनचा (सोडा जास्त झाला की गुलाबी होणारा इंडिकेटर) फिका गुलाबी आणि गडद गुलाबी यातला फरक एका थेंबाचा असतो हे पोरांना हातानेच कळतं, सांगून कळत नाही. ("मॅडम गुलाबी गेला परत!" हो, जातो, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, अर्धा मिनिट टिकला की बास, लिहा रीडिंग.)

बोंब अशी की सगळ्या ग्रुपची उत्तरं पाकिटातल्या आकड्यापेक्षा वर आली. सगळ्यांची. एकाच बाजूला, पाच-सहा टक्क्यांनी. पोरं कच्ची असती तर काही वर काही खाली आली असती ना, आठच्या आठ ग्रुप एकाच दिशेला चुकत नाहीत. मग मी लॅबमधलं ऑक्झॅलिक ॲसिड काढलं, ०.६३ ग्रॅम १०० मिलीत विरघळवलं म्हणजे ०.०५ मोलर होतं, त्याच्यावर किटमधला सोडा लावून बघितला तर १० मिलीला १० ऐवजी १०.६ मिली लागला. म्हणजे बाटलीवर ०.१ लिहिलेला सोडा प्रत्यक्षात ०.०९४ च्या आसपास. कारण साधं आहे, कॉस्टिक सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि हळूहळू कार्बोनेट होत जातो, आणि यांनी तो पातळ प्लास्टिकच्या बाटलीत, वर बोटभर हवा ठेवून, सैल झाकणाचा पाठवलाय. ज्याला केमिस्ट्रीचं किट विकायचंय त्याला एवढं कळायला हवं. एक तर घट्ट बाटली द्या, नाहीतर ऑक्झॅलिक ॲसिडची एक पुडी द्या आणि सांगा की आधी सोडा तपासून घ्या, ते दिलं असतं तर प्रोजेक्ट उलट आणखी चांगलं झालं असतं. मी दुसऱ्या तासाला तेच केलं, पोरांनाच सोड्याची खरी ताकद काढायला लावली आणि जुनी रीडिंग न बदलता गणित परत करायला लावलं, आठातल्या सात ग्रुपची उत्तरं पाकिटाच्या जवळ आली. सो प्रोजेक्टला पूर्ण मार्क, मालाला नापास.

अनोळखी द्रावणांचं एक छोटं प्रोजेक्ट आहे, त्याची जाहिरातीत कुठे चर्चा नाही पण मला ते फार आवडलं. पाच बाटल्या, फक्त नंबर, आत फेरिक क्लोराइड, सोडियम कार्बोनेट, कॅल्शियम क्लोराइड, कॉस्टिक सोडा आणि डायल्यूट हायड्रोक्लोरिक ॲसिड. लिटमस नाही, काही नाही, एकमेकांत दोन-दोन थेंब मिसळून कोण कोण ते ओळखायचं. चोवीस खळग्यांची प्लेट इथे शोभते. कार्बोनेट आणि ॲसिड फसफसणार, कार्बोनेट आणि कॅल्शियम क्लोराइडचा पांढरा साका, फेरिक आणि सोड्याचा गंजासारखा तपकिरी. आणि मग एक गाठ येते, फेरिक क्लोराइड आणि कार्बोनेट मिसळलं की साका पण येतो आणि फेस पण येतो. फेस म्हणजे ॲसिड असं ज्यांनी पाठ केलंय ते तिथे अडकतात, आणि हळूहळू कुणाला तरी सुचतं की मग हे पिवळं पाणी स्वतःच थोडं ॲसिडिक असेल. आहेच ते. पुस्तिकेत याच्याबद्दल अवाक्षर नाही, त्यामुळे शिक्षकाने आधी स्वतः करून बघावं, नाहीतर आपलीच विकेट पडेल.

थायोसल्फेटचं, म्हणजे कागदावरची फुली दिसेनाशी होईपर्यंत टायमर लावायचं, ते सगळीकडे असतं तसंच. ॲसिड घातलं की सल्फर तयार होऊन द्रावण दुधाळ होत जातं आणि खालची फुली गायब. गरम केलं की लवकर, थंड केलं की उशिरा, दर दहा डिग्रीला वेग साधारण दुप्पट असं ढोबळ गणित बऱ्यापैकी दिसतं पण. फुली "दिसेनाशी" कधी झाली हे प्रत्येकाचे डोळे वेगळं सांगतात, म्हणून एका ग्रुपमध्ये शेवटपर्यंत एकाच पोराने बघायचं, ही सूचना पुस्तिकेत ठळक दिलीय, चांगलं केलं. थोडा सल्फर डायऑक्साइड निघतो, खिडक्या उघडा आणि दम्याचा त्रास असलेली पोरं असतील तर लांब बसवा. ही दुसरी सूचना मात्र पुस्तिकेत शोधून सापडली नाही.

झिंक-कॉपर सेल, म्हणजे दोन धातूंच्या पट्ट्यांची साधी बॅटरी. पुस्तकात १.१ व्होल्ट, पोरांना १.०५ च्या आसपास मिळतो, सॉल्ट ब्रिज (दोन द्रावणांना जोडणारा दुवा) म्हणून पोटॅशियम नायट्रेटमध्ये भिजवलेली फिल्टर पेपरची पट्टी. एका सेलवर लाल एलईडी लागत नाही, त्याला पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात, दोन सेल एकामागे एक जोडले की लागतो, तोही मिणमिणता. पट्टी वाळली की विझतो आणि वर दोन थेंब टाकले की परत पेटतो, हे एका पोराला सापडलं आणि मग पंधरा मिनिटं सगळे ग्रुप तेवढंच करत बसले. करू दिलं. सॉल्ट ब्रिज कशाला लागतो हा वायव्हाचा प्रश्न मला त्या वर्गात परत विचारावा लागणार नाही. क्रोकोडाइल क्लिप मात्र भिकार आहेत, मोरचुदाच्या पाण्याला लागल्या की दुसऱ्या दिवशी हिरव्या, धातूच्या पट्टीचं टोक पाण्याबाहेर ठेवून क्लिप वरच लावायला सांगा.

मॅग्नेशियम रिबीन आणि ॲसिडचं, हायड्रोजन किती निघतो ते मोजायचं, यात एक युक्ती आवडली. लहान तुकडा वजनकाट्यावर ठेवला तर ०.०४ ग्रॅम दाखवणार आणि काट्याचीच चूक ०.०१, म्हणजे पाव हिस्सा बोंबलला. म्हणून पुस्तिका सांगते की अख्खी मीटरभर रिबीन आधी तोला आणि मग सेंटीमीटरने कापा, वजन भागाकाराने काढा. ०.०४ ग्रॅमला साधारण ४० मिली गॅस यायला हवा, आमचा ३८ ते ४१ मध्ये आला. पट्टीने वजन करता येतं हे ऐकून पोरं आधी हसली होती.

फ्लेम टेस्टचं थोडक्यात. लाकडी काड्या वेगवेगळ्या धातूंच्या क्षारांच्या द्रावणात रात्रभर भिजवून ज्योतीत धरायच्या, तांब्याचा हिरवा, लिथियमचा लाल, पोटॅशियमचा जांभळट, आणि सोडियमचा पिवळा जो सगळ्यांत घुसतो, म्हणून पोटॅशियमसाठी निळी कोबाल्ट काच दिलीय. बशीत मेथेनॉल ओतून पेटवायचा तो "रेनबो" डेमो यांनी ठेवलेला नाही आणि एवढ्यासाठी मी यांना एक स्टार जास्त देते, त्या डेमोने वर्गात बसलेली पोरं भाजल्याच्या घटना झाल्यात आणि अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने २०१४ मध्ये यावर इशारा पण काढला होता. अजूनही व्हिडिओ बघून करणारे आहेत. करू नका.

राहिलेले तीन प्रोजेक्ट म्हणजे ज्वालामुखी, स्लाइम आणि तुरटीचे क्रिस्टल. ज्वालामुखी हायस्कूलला कशाला? स्लाइममध्ये बोरॅक्समुळे पॉलिमरच्या साखळ्या एकमेकांना बांधल्या जातात ही खरी मजेची गोष्ट आहे, बोरॅक्सचं प्रमाण बदलून ताणून मोजायला लावता आलं असतं, पण पुस्तिकेत एकच रेसिपी आणि खाली उत्तर छापलेलं, "स्लाइम लवचिक होईल". झाला लवचिक, पुढे काय? बेंचना चिकटलेला मी काढला. क्रिस्टल चांगले येतात, आठ बाजूंचे, काचेसारखे, पण बरण्या हलवल्या नाहीत तरच, आणि हायस्कूलच्या वर्गात बरणी न हलवणं अशक्य आहे.

सेफ्टीवर मात्र चिडचिड झाली. दिलेले चष्मे बाजूने उघडे आहेत, म्हणजे समोरून उडालं तर वाचाल, बाजूने आलं तर डोळ्यात. कॉस्टिक सोडा आणि ॲसिड असलेल्या किटमध्ये चारी बाजूंनी बंद गॉगलच पाहिजेत, आणि ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांच्या चष्म्यावरून बसतील असे. आम्ही लॅबचे वापरले. दुसरं, बाटल्यांवरची लेबलं ओल्या हाताने पुसली जातात. ॲसिडच्या बाटलीवरचं नाव पहिल्याच दिवशी अर्धं गेलं. बॉक्स उघडल्या उघडल्या सगळ्या लेबलांवर पारदर्शक टेप मारा, मग बाकीचं.

आणि कॉपरचं उरलेलं पाणी "भरपूर पाण्याबरोबर सिंकमध्ये सोडावे" असं छापलंय. अहो, तांब्याचे क्षार पाण्यातल्या जिवांना घातक असतात, मासे मरतात त्याने. एक मोठी बरणी ठेवा, सगळं निळं पाणी त्यात, वर स्टीलवूल किंवा लोखंडी खिळे टाका, दोन-चार दिवसांत तांबं खिळ्यांवर बसतं आणि निळा रंग जातो, गाळून तो गाळ वेगळा ठेवायचा. पोरांना हे आवडलं पण, खिळे लाल झालेले बघायला रोज डोकावत होती. हे अकरावं प्रोजेक्ट म्हणून छापता आलं असतं, फुकट होतं.

कस्टमर केअर ठीक. एक सिरिंज गळकी निघाली, फोटो पाठवला, बदलून आली. सोड्याच्या बाटलीबद्दल सविस्तर मेल केला, आकड्यांसकट, त्यावर "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" एवढंच उत्तर आलं.

वेळेचं सांगते, बॉक्सवर कॉपरला "एक तास" लिहिलंय, ते विसरा. धुणं, वाळवणं धरून दोन तास आणि मध्ये एक रात्र लागते. टायट्रेशनला जोडतास हवा. बाकीची एका तासात बसतात. रिफिल पॅक मिळतो, पण त्यात सगळं परत येतं, स्लाइमसकट, फक्त मोरचूद, झिंक आणि इंडिकेटर वेगळे मागितले तर नाही म्हणतात. त्यामुळे ज्यांच्या शाळेत लॅब आहे त्यांनी एकच बॉक्स घ्यावा, प्लेटा, सिरिंज आणि पुस्तिका ठेवून घ्यावी आणि केमिकल पुढच्या वेळी आपली आपण आणावीत. ज्यांच्याकडे लॅबच नाही त्यांनी घेताना गॉगल आणि हॉटप्लेटचं आधी बघावं. घरी एकट्या पोरासाठी घ्यायचा विचार असेल तर नको, यातला सोडा आणि ॲसिड शेजारी कुणी मोठं माणूस उभं असल्याशिवाय उघडण्यातले नाहीत.

पाचपैकी साडेतीन. सोड्याची बाटली आणि चष्मे बदलले तर साडेचार देईन.